आघोणीची एकोणीस वाक्यं

२८ एप्रिल, पाठशाला

आमच्या पाठशाला गावातला कंपनीचा तंबू काल उतरला. मालकांनी माझ्या गळ्यात गामोसा घातला, चार शब्द बोलले (त्यातले दोन चुकले, ते मी खालून दुरुस्त केले) आणि मला निवृत्त करून टाकलं. पुढच्या हंगामात म्हणे नट कानात यंत्र घालणार. यंत्राला चहा लागत नाही आणि ते बिहूला सुट्टी मागत नाही. मालकांचं काही चुकलं नाही, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही हे खरं.

फिरत्या नाटक कंपनीत एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. ऑगस्ट ते एप्रिल गावोगाव तंबू, आणि उरलेले तीन महिने घर. राजाला, राणीला, दासीला, खुन्याला, सगळ्यांना मी शब्द पुरवले. प्रॉम्प्टरने नटाच्या अर्धा शब्द पुढे असायचं आणि प्रेक्षकाला कधीच ऐकू जायचं नाही, एवढाच आमचा धर्म. तो मी एक दिवस मोडला नाही. उगाच नाही पुण्यधर दास म्हटलं की अख्ख्या बरपेटा जिल्ह्यातले नट निर्धास्त होत!

ही वही एका जुन्या नाटकाची आहे. उजव्या पानांवर संवाद आहेत, डावी कोरी आहेत. डाव्या पानांवर आता माझं आयुष्य लिहितो.

तर, आजपासून मी दिग्दर्शक. 'आघोणी' या कादंबरीवर सिनेमा काढायचा. शंभर वर्षं झाली त्या पुस्तकाला, सातवीच्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना गोष्ट ठाऊक, आणि सिनेमा मात्र कोणी काढला नाही. आघोणीचा नवरा लाकडांचे तराफे घेऊन नदीने खाली जातो, "माघात येतो" म्हणून सांगतो आणि येत नाही. ती वीस वर्षं रोज घाटावर जाते. शेवटी नदीला उद्देशून एकोणीस वाक्यं बोलते, तिथे पुस्तक संपतं. नवरा येतच नाही.

बायकोला, तरुलताला, सांगितलं. ती विळीवर मासा कापत होती. म्हणाली, "सिनेमा? अहो, तुम्हाला घरातला बल्ब कुठल्या बाजूला पिळायचा ते कळत नाही."

घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

३ मे

कॅमेरा मिळाला. मृगेन लग्नांचे व्हिडिओ काढतो. जेठ महिन्यात लग्नं कमी, तेव्हा तो मोकळाच असतो. माइक आमची जुरी धरणार. जुरी माझी एकुलती एक मुलगी, शाळेत गणित शिकवते आणि घरी मला. रजा टाकून आली आहे.

आघोणी मात्र मिळेना. कंपनीतल्या दोघी नट्यांना विचारलं. एक म्हणाली, "मेकअप नाही, मानधन नाही, वर चिखलात उभं राहायचं? दादा, डोकं ठिकाणावर आहे ना?" दुसरीने तर फोनच ठेवला.

मृगेन आमच्याकडे भात खात होता. मला तो खुरा, म्हणजे काका म्हणतो. स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "खुरा, काखेत कळसा न् गावाला वळसा. आघोणी तिथे आंबट रस्सा ढवळतेय की."

मला हसूच आलं. तरु लग्नाआधी एक हंगाम कंपनीत होती. दासीचं काम आणि चार वाक्यं. त्यातलं एक पहिल्याच प्रयोगाला विसरली, ते मी पुरवलं, आणि तिथूनच आमचं जमलं. जी चारात एक विसरते ती एकोणीस काय म्हणणार?

"मी करीन," आतून आवाज आला. मग जरा वेळाने, "तुम्ही असालच ना शेजारी?"

असेनच तर! प्रॉम्प्टर नवरा मिळायला भाग्य लागतं.

९ मे, बेकीचा घाट

पहिला दिवस. घाट पाठशालेपासून तासाभरावर. बेकी नदी अजून शांत आहे.

तरुला घाटाच्या पायरीवर बसवलं, मी कॅमेऱ्याच्या पायाशी वही घेऊन बसलो आणि एकेक वाक्य खणखणीत आवाजात देत गेलो. इथे तिसऱ्या रांगेतले प्रेक्षक नाहीत, तेव्हा कुजबुजायचं कारण नाही. फार मजा आली. एकतीस वर्षांनी मोकळ्या गळ्याने बोललो.

जुरीने कानावरचे हेडफोन काढून आपटले. "देउता, मला तुमच्याशिवाय काही ऐकूच येत नाहीये!"

"अगं, आवाज नंतर स्टुडिओत भरायचा असतो. आपल्याकडे सगळे तसंच करतात."

"मग मी ही काठी कशाला धरून उभी आहे?"

"ओठ कधी हलले ते कळायला."

मृगेनने माझी बाजू घेतली. लग्नात तर तो वरातीचा आवाज काढून थेट गाणंच लावतो. जुरीने हेडफोन पुन्हा चढवले, पण तोंड फुगलेलं.

तरुचं काम बरं झालं. माझ्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, तिच्या ओठांवर हजर. एकदाही अडली नाही. शेवटी सगळं प्रॉम्प्टरवर असतं.

१६ मे

आज जरा बिनसलं. तराफा निघून जातो तो प्रसंग होता. मी वही उघडली, तर तरु म्हणाली, "अहो, आजच्या दिवस राहू दे. मी म्हणून बघते."

"आणि विसरलीस तर? उजेड काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

तिने माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग हसली. "बरं. द्या तुम्ही शब्द."

नटांना एकदा टाळी मिळाली की प्रॉम्प्टर नकोसा होतो, हे मी जन्मभर पाहिलं आहे. पण घरचीच बाई असं म्हणाली याचं वाईट वाटलं. रात्री जेवताना मी बोललो नाही. तिने माझ्या ताटात माशाचं डोकं वाढलं. मी ते खाल्लं, पण तरीही बोललो नाही.

२५ मे

तरुचे पाय सुजताहेत. दिवसभर उभं राहून होतंच तसं. पाय झाकायला मेखलेचा घेर जरा खाली नेसवला आणि मृगेनला सांगितलं, कमरेच्या वरूनच घे. शिवाय आता ती चार पायऱ्या चढली की थांबते, खांबाला हात लावून श्वास घेते. मी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. वीस वर्षं वाट पाहिलेल्या बाईची चाल तिला आपोआप सापडली!

जुरी म्हणाली, "देउता, तिचा श्वास मला हेडफोनमध्ये नीट येत नाही. मध्येच काहीतरी घरघरतं. डॉक्टरला दाखवू या."

तरुच म्हणाली, "आधी सिनेमा. नदी वाढायला लागली की घाट राहायचा नाही."

बरोबरच आहे तिचं. मी पण तेच म्हणालो.

४ जून

झालं! शेवटचा प्रसंग झाला!

बेकी चढली आहे. घाटाच्या खालच्या सात पायऱ्या पाण्यात गेल्या, पलीकडची दरड ढासळताना आम्ही डोळ्यांनी पाहिली. मृगेन म्हणाला, "खुरा, एकच टेक मिळणार. पुन्हा मागू नका."

तरु पाण्याच्या कडेला उभी राहिली. मी ओरडून वाक्यं द्यायला लागलो, कारण नदीचा आवाज फार होता. 'नदी, माघ उलटून गेला. तू त्याला सांगितलंस का, घाट आता मागे सरकलाय? मी तीनदा घर मोडून मागे नेलं, पण पायवाट तुझ्याकडेच ठेवली. जुन्या खुणा तू नेल्यास, म्हणून खूण म्हणून मीच उभी राहते.' अशी एकोणीस. तिने नदीवरची नजर काढली नाही, माझ्याकडे तर पाहिलंच नाही. एकोणिसाव्या वाक्याला जरा अडखळली, पण मी होतोच.

'कट' म्हटल्यावर ती तिथेच चिखलात बसली. जुरी काठी टाकून धावली. घाटावरच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. मला कोणी काही म्हणालं नाही, पण एकतीस वर्षं दारूच्या नशेतल्या नटांना सांभाळलेल्या माणसाला कळतं काम कोणाचं होतं ते.

घरी येताना गाडीत तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. म्हणाली, "बरं झालं का?"

मी म्हणालो, "एकही शब्द सुटला नाही."

माझ्याकडून द्यायचा सुटला नाही, असं मला म्हणायचं होतं. ती खूश झाली.

६ जून

डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, गुवाहाटीला न्या. आज-उद्याच न्या.

तरु म्हणाली, "दोन जुलैला स्टुडिओ घेतलाय ना आवाजासाठी? मग गुवाहाटीच्या दोन खेपा कशाला? एकाच खेपेत दोन्ही करू."

जुरी तिच्यावर ओरडली, मग माझ्यावर ओरडली. मी हिशेबाने विचार केला. सव्वीस दिवसांचा तर प्रश्न, आणि डॉक्टर जरा वाढवूनच सांगतात. मी म्हणालो, "चालेल. एकाच खेपेत."

हे वाक्य मला कोणी पुरवलं नव्हतं. माझंच होतं.

१९ जून

तरु गेली. पहाटे, चहाचं पाणी ठेवताना.

२ जुलै

काल तेरावा झाला. नातलगांनी रिवाजाप्रमाणे मासळी खाल्ली, सुतक सुटलं आणि सगळे आपापल्या घरी गेले. आज स्टुडिओची तारीख होती.

मृगेनने फोन केला. म्हणाला, "खुरा, घाई नाही. पण कधीतरी कोणाचा तरी आवाज भरावा लागेल. कंपनीतल्या त्या ताईंना विचारू का?"

जुरी तिथेच होती. "माच्या तोंडात दुसऱ्या बाईचा आवाज घालणार? तिचा आवाज मी टिपलाय. सत्तावीस दिवस काठी धरली आहे मी."

मला तेव्हा एकदम आठवलं की घरात तरुचा आवाज कुठेच नाही. आम्ही कधी टिपलाच नाही. फोनवर ती एवढंच लिहायची, "जेवलात का". मी घरभर फिरलो. तिच्या पुस्तकाच्या कपाटात आघोणी आहे, तिच्या माहेरची, पानं तांबुलाच्या डागांनी लाल. मी ते बंद करून ठेवलं. मला रडू येतं आणि रडताना मी फार मोठ्याने रडतो, शेजारी येतात.

२१ जुलै, गुवाहाटी

जुरी आणि मी स्टुडिओत गेलो. तिथला हजारिका आवाजाचं काम करतो, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. त्याला फक्त इतकं सांगितलं की बाईंचा मूळ आवाज राखायचाय. त्या कोण आणि आता कुठे आहेत, ते नाही सांगितलं.

त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले.

आधी फक्त मी ऐकू आलो. बापरे, काय आवाज माझा! सगळ्या घाटावर मीच. मग त्याने कसल्या कसल्या खुंट्या फिरवल्या, मी जरा मागे गेलो आणि तरु आली. मी टेबल धरलं. एक महिना दोन दिवसांनी ती बोलली.

हजारिका बराच वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. मग म्हणाला, "खुरा, मला एक कळत नाही. बाई बोलतात त्याच्या मागून हा माणूस तेच का बोलतोय?"

"मागून नाही, पुढून," मी म्हणालो. "तो प्रॉम्प्टर आहे. मी."

"छे. बघा ना." त्याने पडद्यावर दोन रेघा दाखवल्या, वरची तिची आणि खालची माझी. प्रत्येक वेळी वरची रेघ आधी उठायची, माझी नंतर. प्रत्येक वेळी. "अर्ध्या शब्दाचा फरक आहे. त्यांना सगळं पाठ आहे. तुम्हीच त्यांचं ऐकून म्हणताय."

मी म्हणालो, माइक तिच्याजवळ होता आणि मी लांब होतो, म्हणून असेल. तो म्हणाला, "एवढा फरक पडायला तुम्हाला नदीच्या पलीकडे बसावं लागेल." तो वाईट हेतूने बोलला नाही.

जुरी खाली बघत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"देउता, अख्खं पुस्तक पाठ होतं तिला. मला झोपवताना तेच म्हणायची. तुम्ही नऊ-नऊ महिने तंबूत असायचात, घरात दुसरं बोलायला कोण होतं? मी लहान असताना मला वाटायचं आघोणी म्हणजे मा स्वतःच."

"मग मला बोलली का नाही? मी गप्प बसलो असतो!"

जुरीने डोळे पुसले. "मी तिला म्हटलं होतं, सांग त्यांना. ती म्हणाली, असू दे गं. जन्मभर दुसऱ्या बायकांना शब्द पुरवले. आता मला पुरवतायत."

मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो. हजारिका चहा घेऊन आला. काय झालं ते त्याला जुरीने सांगितलं असावं, कारण तो माझ्याशेजारी बसला आणि कप माझ्या हातात धरवला.

२३ जुलै

मार्ग निघाला, म्हणजे निम्मा. बाकीच्या प्रसंगांत जुरी आवाज देणार. तिचा गळा आईच्या वळणाचा आहे. पण शेवटच्या एकोणीस वाक्यांना ती हात लावायला तयार नाही. "ती तशीच राहतील."

हजारिका म्हणाला, "तशी ठेवली तर खुरांचा आवाजही राहील. नदीच्या गोंगाटात दोन्ही एकमेकांत गुंतलेत, सोडवता येत नाहीत. आणि एकोणिसावं वाक्य तर..." तो थांबला.

ते आम्ही लावून पाहिलं. 'आता तूच त्याला हाक दे, माझा आवाज पलीकडे पोचत नाही.' तरु 'आता तूच' एवढंच म्हणते. मग तिचे ओठ हलतात, पण आवाज नाही. फक्त श्वास. पुढचं सगळं वाक्य मी एकटा म्हणतो. त्या दिवशी मी याला अडखळणं म्हणालो होतो. तिला श्वास पुरत नव्हता आणि मी खूश होतो.

प्रेक्षकाला प्रॉम्प्टर ऐकू गेला तर त्याच्यासारखी दुसरी नाचक्की नाही. एकतीस वर्षांचं नाव धुळीला मिळणार, तेही माझ्याच सिनेमात. मी ते वाक्य अजून एकदा लावायला सांगितलं. मग म्हणालो, "ठेवा तसंच."

"लोक हसतील, देउता."

"हसू देत. तिचा आवाज राहू दे."

७ डिसेंबर, पाठशाला

मालकांनी दुपारच्या वेळी तंबू दिला, कंपनीचा मुक्काम गावातच आहे म्हणून. दोनेकशे माणसं आली, बहुतेक बायका. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसलो. खुर्च्या फार टणक असतात हे मला माहीत नव्हतं.

सिनेमा चालू होता तेव्हा मी तो पाहत नव्हतो, माणसं पाहत होतो. तराफा गेला तेव्हा कोणी खोकलं नाही. तरु खांबाला धरून श्वास घेते तिथे एक म्हातारी "अगं बस गं जरा" असं पडद्याला म्हणाली. मला उठून पळावंसं वाटलं. मीही असंच म्हणायला हवं होतं, इतकंच, आणि तेवढे चार शब्द मला सुचले नाहीत.

मग शेवटचा घाट आला. तरु बोलायला लागली आणि तिच्या मागून, अर्धा शब्द उशिरा, मी. एकोणीस वाक्यं, दोन आवाजांत. मी मान खाली घातली आणि हसण्याची वाट पाहू लागलो.

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत दोघी बायका होत्या, तांबूल चघळत. एक दुसरीला कोपराने ढोसून म्हणाली, "हा मागून कोण गं बोलतोय?"

"तिचा नवराच असणार. आला बघ शेवटी."

"मग दिसत का नाही तिला?"

दुसरीने जरा वेळ पडद्याकडे पाहिलं. तेवढ्यात एकोणिसावं वाक्य आलं, आणि तरुचे नुसतेच ओठ हलत राहिले.

"उशीर केला ना मेल्याने."